मधलं पद फोडणं बंद करा

वर्गसमीकरण म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना एकच कृती आठवते. क्ष² + ७क्ष + १२ = ०. असे दोन आकडे शोधा ज्यांचा गुणाकार १२ आणि बेरीज ७. तीन आणि चार. मग मधलं पद फोडा, दोन-दोनच्या जोड्या लावा, सामाईक बाहेर काढा, कंस लिहा. उत्तर उणे तीन आणि उणे चार. पूर्ण गुण. (पाठ्यपुस्तकात आता क्षच्या जागी इंग्रजी अक्षर असतं. मी आईबाबांच्या पुस्तकातला क्ष वापरतोय, गणिताला त्याने फरक पडत नाही.)

माझं म्हणणं सरळ आहे. वर्गसमीकरणाची पहिली ओळख म्हणून ही पद्धत शिकवणं थांबवलं पाहिजे. ती चुकीची नाही. पण ती सगळ्यात आधी शिकवली जाते, सगळ्यात जास्त घोटून घेतली जाते आणि प्रश्नपत्रिकेत नाव घेऊन मागितली जाते. त्यामुळे पंधरा वर्षांच्या मुलांचा गणिताबद्दल एक पक्का आणि खोटा समज होतो: उत्तर ज्याला दिसतं तो हुशार, ज्याला दिसत नाही त्याने दुसरी वाट धरावी.

हे मी गणिताचा प्राध्यापक म्हणून लिहीत नाही. मी डोंबिवलीत वाढलो, इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी पद्धत कधी चालते, कधी पडते आणि पडल्यावर ती तसं सांगते का, हे तपासण्याचाच मला पगार मिळतो. ती सवय दहावीच्या पुस्तकावर वापरली, इतकंच.

दिसतंय ना?

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात दहावी हे एकट्या मुलाचं वर्ष नसतं, सगळ्या घराचं असतं. केबल बंद होते, गणपतीला गावी जाणं रद्द होतं, आई ऑफिसमधून निघताना फोन करून विचारते, ‘क्लासला गेलास ना?’ नौपाडा असो, डोंबिवलीचं रामनगर असो की कल्याणचा टिळक चौक, क्लासच्या पाट्या संपत नाहीत. निकाल लागला की त्याच रस्त्यांवर फोटो आणि टक्केवारीचे फ्लेक्स लागतात. क्लासमध्ये साठ मुलं, हातात दीड तास आणि पुढ्यात अख्खा धडा. अशा ठिकाणी अवयव पद्धत अगदी फिट बसते. सर फळ्यावर समीकरण लिहितात, क्षणभर थांबतात आणि विचारतात, ‘दिसतंय ना?’ पहिल्या बाकावरून उत्तर येतं. सर पुढच्या गणिताकडे जातात.

आमच्या सोसायटीतली दहावीची काही मुलं रविवारी माझ्याकडे गणित घेऊन येतात. त्यातल्या एकीच्या वहीत क्ष² − ४क्ष − ९६ = ० अर्धवट सोडलेलं होतं. समासात तिने ९६च्या जोड्या लिहिल्या होत्या: १ आणि ९६, २ आणि ४८, ३ आणि ३२, ४ आणि २४, ६ आणि १६. इथे ती थांबली होती. मी विचारलं, तर म्हणाली, ‘दादा, सरांना लगेच दिसतं. मला दिसतच नाही. माझं डोकं गणिताचं नाही.’

त्या वहीत चूक एकही नव्हती. पाच जोड्या बरोबर होत्या आणि सहावी, ८ आणि १२, एका ओळीवर होती. बेरीज-वजाबाकी नीट येणारी, चिकाटीने यादी करणारी ही मुलगी. तिला गणित येत नव्हतं असं नाही, तिला अंदाज लागला नव्हता. आणि अंदाज न लागणं म्हणजे गणित न येणं, हे तिला कोणी मुद्दाम सांगितलं नव्हतं. पद्धतीनेच तिला ते शिकवलं होतं.

४२० समीकरणांचा हिशोब

‘अंदाज’ हा शब्द खटकला असेल तर थोडी मोजदाद करू. क्ष² + बक्ष + क = ० अशी समीकरणं घ्या. ब हा −१० ते १० मधला कुठलाही पूर्णांक, क तसाच, फक्त शून्य सोडून. अशी एकूण ४२० समीकरणं होतात. अगदी साधी, लहान आकड्यांची. लॅपटॉपवर दोन लूप लिहून मोजता येतात, संयम असेल तर वहीतही.

या ४२० पैकी पूर्णांकांत अवयव पडतात फक्त ५५ समीकरणांचे. म्हणजे साधारण १३ टक्के. ८६ समीकरणांना वास्तव संख्यांत उत्तरच नाही. उरलेल्या २७९ समीकरणांना दोन स्वच्छ, खरीखुरी उत्तरं आहेत, पण मधलं पद फोडून ती कधीही सापडणार नाहीत. आकड्यांची मर्यादा वाढवत नेली तर अवयव पडणाऱ्यांचं प्रमाण आणखी घटत जातं.

मग आपल्या वहीत प्रत्येक गणिताचे अवयव कसे पडले? कारण गणित उत्तराकडून बनवलेलं होतं. कुणीतरी आधी ८ आणि १२ ठरवले, कंस गुणले आणि तयार झालेलं समीकरण आपल्यापुढे ठेवलं. आपण काय करतो? पेपर काढणाऱ्याने कुठले दोन आकडे लपवले ते ओळखतो. हा खेळ मजेदार आहे, मलाही आवडतो. पण त्याला समीकरण सोडवणं म्हणणं म्हणजे लपाछपीला शोधमोहीम म्हणणं.

आमच्या धंद्यात एक जुनी पळवाट आहे. टेस्ट केस आधीच माहीत असतील तर फक्त त्या पास होतील असा कोड लिहायचा. डेमोला तो झकास चालतो. खऱ्या वापरात पहिल्या दिवशी कोसळतो. अवयव पद्धतीवर उभा केलेला वर्गसमीकरणाचा धडा हा तसला कोड आहे.

जरा खरा आकडा घालून बघा. डोंबिवलीत ४०० चौरस फूट कार्पेटचं आयताकृती घर आहे, लांबी रुंदीपेक्षा ५ फुटांनी जास्त. रुंदी किती? क्ष² + ५क्ष − ४०० = ०. शोधा ४०० च्या जोड्या. १६ आणि २५ मध्ये फरक ९, २० आणि २० मध्ये शून्य, ५ कुठेच नाही. पुस्तक अशा वेळी घराचं क्षेत्रफळ बदलून ३०० करतं, कारण १५ गुणिले २०. बिल्डर काही आपल्यासाठी ३०० करणार नाही. खरं उत्तर साधारण १७.६६ फूट, म्हणजे सतरा फूट आठ इंच. त्या घरात लोक राहतात, फर्निचर करून घेतात, हप्ते भरतात. फक्त आपल्या पद्धतीला ते घर सापडत नाही.

अपयश आलं तरी कळत नाही

माझी मुख्य तक्रार मात्र टक्केवारीबद्दल नाही. एखादी पद्धत थोड्याच ठिकाणी चालत असेल तरी हरकत नाही, पण ती चालली नाही तर तिने तसं सांगावं. ही पद्धत सांगत नाही.

ही दोन समीकरणं बघा: क्ष² − १०क्ष + २३ = ० आणि क्ष² − १०क्ष + २६ = ०. पहिल्यात २३ च्या जोड्या लावा: फक्त १ आणि २३. बेरीज १० येत नाही. दुसऱ्यात २६ च्या: १ आणि २६, २ आणि १३. इथेही १० येत नाही. दोन्ही ठिकाणी मुलगा एकाच जागी अडकतो आणि दोन्ही ठिकाणी त्याला सारखंच वाटतं: ‘जमलं नाही.’ पण पहिल्या समीकरणाला दोन उत्तरं आहेत, सुमारे ६.४१ आणि ३.५९. दुसऱ्याला वास्तव उत्तरच नाही. दोन पूर्ण वेगळ्या परिस्थिती आणि पद्धतीकडून एकच शांतता. त्यात तिसरी शक्यता मिसळा, की जोडी होती पण मला सापडली नाही, जसं त्या ९६ चं झालं. आता अडकलेल्या मुलाने कसं ओळखायचं की दोष कुणाचा? गणिताचा, पद्धतीचा की आपला? पंधराव्या वर्षी, साठ जणांच्या वर्गात, तो दोष स्वतःवरच घेतो.

‘विवेचक काढून बघावा की!’ असं कोणी म्हणेल. बरोबर. ब² − ४अक पूर्ण वर्ग आला की अवयव पडतात, हे पक्कं आहे. पण एकदा विवेचक काढला की उत्तर एका पायरीवर आलेलं असतं. त्याचं वर्गमूळ घ्या, बेरीज-वजाबाकी करा, भागा, संपलं. अवयव पडतील का हे तपासायला जी मेहनत लागते, तेवढ्यात अवयवांची गरजच उरत नाही.

सरासरी आणि अंतर

मग दुसरं काय शिकवायचं? त्याच समीकरणापासून सुरुवात करू: क्ष² − ४क्ष − ९६ = ०.

याची उत्तरं ज्या दोन संख्या असतील त्यांची बेरीज ४ आणि गुणाकार −९६. इथपर्यंत काही नवीन नाही, मुळं आणि सहगुणक यांचा हा संबंध पुस्तकातच आहे. आता जोड्या शोधू नका. बेरीज ४ म्हणजे सरासरी २. ज्यांची सरासरी २ आहे अशा दोन संख्या २ पासून सारख्याच अंतरावर असणार, एक या बाजूला, एक त्या बाजूला. म्हणजे २ + अंतर आणि २ − अंतर. त्यांचा गुणाकार, (अ + ब)(अ − ब) या सूत्राने, ४ − अंतर². हा −९६ यायला हवा. म्हणून अंतर² = १००, अंतर = १०. उत्तरं १२ आणि −८.

तीन ओळी. अंदाज कुठेही नाही. त्या मुलीला हे एकदा करून दाखवलं, दुसरं गणित तिने स्वतः केलं. त्यानंतर तिने विचारलेला प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: ‘मग अंतराचा वर्ग उणे आला तर?’

आता तेच कृत्य १०क्ष वाल्या दोन समीकरणांवर करा. सरासरी ५, तिचा वर्ग २५. पहिल्यात २५ − २३ = २, अंतर √२, उत्तरं ५ + √२ आणि ५ − √२. दुसऱ्यात २५ − २६ = −१. अंतराचा वर्ग उणे येतोय, म्हणजे वास्तव संख्यांत अशी जोडी नाही. पद्धत पडली नाही, तिने स्पष्ट उत्तर दिलं: नाही. तिचा प्रश्न हाच होता. विवेचक नावाचा राक्षस पुढच्या पानावर येण्याआधीच तो तिला भेटला होता.

डोंबिवलीचं घरही याच वाटेने मिळतं. सरासरी −२.५, तिचा वर्ग ६.२५, त्यात ४०० मिळवले की ४०६.२५, वर्गमूळ साधारण २०.१६, त्यातून २.५ गेले की १७.६६.

ही काही नवी जादू नाही. क्ष² − ४क्ष − ९६ = ० ला (क्ष − २)² = १०० असं लिहिलं की हीच गोष्ट. पुस्तकात तिचं नाव ‘पूर्ण वर्ग पद्धती’. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात ती आहे, पण अवयवांनंतर. तोवर मुलांना एक सोपी युक्ती मिळालेली असते, त्यामुळे ती त्यांना उगाच लांबण लावलेली वाटते.

चाळीसगावच्या वाटेवर

पुस्तकातला क्रम आधी अवयव, मग पूर्ण वर्ग, शेवटी सूत्र असा आहे. इतिहासाचा क्रम याच्या उलट आहे.

ब्रिटिश म्युझियममध्ये बॅबिलोनियाची सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीची एक मातीची पाटी आहे. तिच्यावरची वर्गसमीकरणं अशी सोडवलेली आहेत: अर्धं करा, वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ घ्या. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शब्दांत नियम दिला. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने चौरसाला पट्ट्या जोडून, कोपरा भरून तीच गोष्ट चित्राने दाखवली. समीकरण कंसांच्या गुणाकारातून उभं करायचं ही दृष्टी थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या पुस्तकात ठळकपणे येते, आणि ते छापलं गेलं १६३१ साली, त्याच्या मृत्यूनंतर. हजारो वर्षं माणसं वर्गसमीकरणं बिनधास्त सोडवत होती आणि मधलं पद फोडत नव्हती.

यातला एक धागा आपल्या अगदी जवळचा आहे. कल्याण जंक्शनवरून कसाऱ्याच्या दिशेने जाणारी लाइन पुढे नाशिक, मनमाड करत चाळीसगावला पोचते. चाळीसगावजवळ पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे, शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. भाऊ दाजींनी तो १८६५ साली अभ्यासकांपुढे आणला. त्यात सांगितलंय की भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून त्यांचा नातू चांगदेव, जो यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता, त्याने तिथे मठ स्थापन केला. त्या मठात शिकवलं जावं असं चांगदेवाला वाटलं ते ग्रंथ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांनी बीजगणितात वर्गसमीकरणांच्या प्रकरणाला नाव दिलंय ‘मध्यमाहरण’. मधल्या पदाचं हरण. मधलं पद फोडायचं नाही, घालवायचं.

त्या प्रकरणातलं माकडांचं गणित मुलांना द्याच. कळपाच्या एक अष्टमांशाचा वर्ग इतकी माकडं रानात उड्या मारतायत आणि उरलेली १२ टेकडीवर आहेत. एकूण किती? समीकरण येतं क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०. मधलं पद फोडायचं तर ७६८ च्या नऊ जोड्या तपासा. घालवायचं तर सरासरी ३२, वर्ग १०२४, त्यातून ७६८ गेले, राहिले २५६, अंतर १६. माकडं ४८ किंवा १६, आणि दोन्ही उत्तरं चालतात. याच्याच जोडीच्या दुसऱ्या गणितात उत्तरं ५० आणि ५ येतात. तिथे कळपाच्या पाचव्या हिश्शातून ३ वजा करायचे आहेत. कळप ५ चा असेल तर १ मधून ३ जातात, म्हणून भास्कराचार्य ५ हे उत्तर नाकारतात, कारण उणे माकडं लोकांना पटत नाहीत. आकडे काढायचे, मग त्यांच्याकडे बघून विचार करायचा. दहावीला हेच तर शिकवायचंय ना?

क्ष² च्या आधी आकडा असेल तर? तिथे अपूर्णांकांचा गोंधळ होतो, हा आक्षेप खरा आहे आणि त्याचं उत्तरही भास्कराचार्यांनी जपून ठेवलंय. त्यांच्याआधीच्या श्रीधराचार्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण त्यातला नियम भास्कराचार्यांनी नावानिशी नोंदवल्यामुळे टिकला. वर्गाच्या सहगुणकाच्या चौपटीने सगळं गुणा, मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा, वर्गमूळ घ्या. ६क्ष² − १७क्ष + १२ = ० घ्या. २४ ने गुणलं: १४४क्ष² − ४०८क्ष + २८८ = ०. दोन्ही बाजूंना २८९ मिळवून २८८ पलीकडे नेले की (१२क्ष − १७)² = १. म्हणजे १२क्ष एकतर १८ किंवा १६. क्ष = ३/२ किंवा ४/३. शेवटच्या पायरीपर्यंत एकही अपूर्णांक नाही.

२०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातले पो-शेन लो यांनी सरासरी-अंतराची मांडणी इंटरनेटवर आणली तेव्हा ती जगभर व्हायरल झाली. यातल्या पायऱ्या जुन्याच आहेत हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. आपल्याकडेही ते व्हिडिओ फॉरवर्ड झाले. फळा मात्र होता तसाच राहिला.

आक्षेप

‘कच्च्या मुलांना अवयव सोपे पडतात, तेवढे तरी गुण मिळू देत.’ हे सगळ्यात कळकळीने सांगितलं जातं आणि मला ते सगळ्यात जास्त अमान्य आहे. अवयव सोपे पडतात ते पाढे तोंडावर असलेल्या, घाईत डोकं शांत ठेवू शकणाऱ्या मुलांना. ज्याला १३ चा पाढा अडखळत येतो त्याला ९१ बघून ७ आणि १३ दिसत नाहीत. उलट अर्धं करणं, वर्ग करणं, वजा करणं त्याला जमतं. ज्या मुलाच्या नावाने ही पद्धत राखली जाते, तिचा सगळ्यात जास्त त्रास त्यालाच होतो.

‘पुढे बहुपदी, कॅल्क्युलस, सगळीकडे अवयव लागतात.’ लागतात, आणि शिकवायलाच हवेत. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यातली एक शून्य असलीच पाहिजे, ही शाळेच्या गणितातली फार सुंदर गोष्ट आहे. पण उत्तरं १२ आणि −८ आहेत हे कळल्यावर (क्ष − १२)(क्ष + ८) लिहिता येतंच. मुळं आधी, अवयव नंतर. असं शिकवलं तर (क्ष − ५ − √२)(क्ष − ५ + √२) हेही अवयवच आहेत हे मुलांना कळेल. आज त्यांना वाटतं की अवयव फक्त गोड आकड्यांचे असतात.

‘परीक्षेत वेळ कुठे असतो?’ ९६ च्या सहा जोड्या लिहून, प्रत्येकीची चिन्हं उलटसुलट करून बघायला जितका वेळ लागतो त्यात सरासरी-अंतराची दोन गणितं होतात. आणि ३ आणि ४ दिसत असतील तर खुशाल लिहा की! दिसणाऱ्याला कोणी अडवत नाही. प्रश्न न दिसणाऱ्याचा आहे.

ओझं कमी करताना काय टाकलं?

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं कारण आहे. कोविडनंतर एनसीईआरटीने पाठ्यपुस्तकांचा भार हलका केला. दहावीच्या वर्गसमीकरणांच्या धड्यातून काय गेलं? पूर्ण वर्ग पद्धत. काय राहिलं? अवयव पद्धत आणि आयतं सूत्र. म्हणजे जी एक पद्धत सूत्र कुठून आलं ते सांगते, ती ओझं ठरली. उरले एक अंदाज आणि एक मंत्र. अंदाज लागला नाही की मंत्र म्हणायचा.

इकडे राज्य सरकारने २०२५ मध्ये सीबीएसईच्या धर्तीवरचा अभ्यासक्रम पहिलीपासून टप्प्याटप्प्याने आणण्याची घोषणा केली. ते टप्पे दहावीपर्यंत पोचतील तेव्हा हा धडाही पुन्हा लिहिला जाईल. तो लिहिताना हीच कात्री वापरली तर पाटणच्या मठाच्या राज्यात मध्यमाहरण पुस्तकातून गेलेलं असेल आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

त्याआधी २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यातल्या एका तरतुदीवर बरीच चर्चा झाली. गणित किंवा विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीला जाता येईल, पण गुणपत्रिकेवर शेरा असेल आणि पुढे त्या विषयांची वाट बंद. गणितामुळे मुलांचं शिक्षण थांबू नये हा हेतू मला समजतो. पण त्या शेऱ्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा होता: या मुलाला आपण गणित शिकवलं होतं, की लपवलेले आकडे ओळखायला लावले होते? मुलाच्या कागदावर शेरा मारणं सोपं आहे. आपल्या धड्याच्या क्रमावर शेरा कोण मारणार?

मागण्या तीन

पहिली, राज्य मंडळाकडे. प्रश्नपत्रिकेतून ‘अवयव पद्धतीने सोडवा’ हे शब्द काढा. ‘सोडवा’ एवढं पुरे. योग्य पायऱ्यांनी आलेल्या योग्य उत्तराला पूर्ण गुण द्या. यासाठी पुस्तक बदलावं लागत नाही.

दुसरी, नवं पुस्तक लिहिणाऱ्यांकडे. क्रम उलटा करा: पूर्ण वर्ग आधी, सूत्र त्यातून, अवयव शेवटी. आणि पहिल्याच सरावसंचात एक गणित असं ठेवा ज्याचं उत्तर √२ मध्ये येतं आणि एक असं ज्याला वास्तव उत्तर नाही. मुलं घाबरत नाहीत. वर्षभर गोड आकडे देऊन अचानक कडू आकडा दिला की घाबरतात.

तिसरी तुमच्याकडे. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण कुणाचे ना कुणाचे दादा-ताई आहात. घरात, चाळीत, सोसायटीत दहावीचं कोणीतरी आहेच. काही जण संध्याकाळी क्लासमध्ये शिकवून स्वतःची फी भरता. मंडळ बदलेल तेव्हा बदलेल. तोवर त्या मुलांना क्ष² − १०क्ष + २३ = ० द्या आणि ‘दिसतंय का?’ असं विचारू नका. सरासरी किती, एवढंच विचारा.